साकुराचा अर्थ

जपानी हायकू शिकवताना ‘साकुरा म्हणजे क्षणभंगुरता’ एवढे सांगून आपण पुढे जातो. आम्हांला हे अपुरे वाटते. ८ व्या शतकातील ‘मान्योशू’ या काव्यसंग्रहात साकुरापेक्षा उमेचा, म्हणजे चीनहून आलेल्या प्लमचा, बहरच अधिक आहे. आज मार्च-एप्रिलमध्ये एकदम फुलणारी ‘सोमेइ योशिनो’ ही कलमी झाडे तर १९ व्या शतकात पसरली. बाशोच्या काळचा (मृत्यू १६९४) डोंगरी साकुरा तांबूस पालवीसह, झाडागणिक मागेपुढे फुलतो. गळत्या पाकळ्याही निरागस उरल्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धात जपानी नौदलाने आत्मघातकी विमानाला साकुराचेच नाव दिले. तरुण वैमानिकांना पाकळीप्रमाणे गळून पडायला सांगणाऱ्या या प्रतिमेचे वर्गात निव्वळ हळवे रसग्रहण व्हावे, हे आम्हांला पटत नाही.