दुकानाच्या मीटरला वाली कोण?

दर तीन महिन्यांनी इथल्या टीव्हीवर एक बातमी येते: ऑफजेमने विजेची नवी प्राइस कॅप जाहीर केली. कॅप वाढली की आपल्या मंडळींत थर्मोस्टॅट किती अंशांवर ठेवावा यावर परिसंवाद रंगतो. उतरली की सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात. आणि त्याच आठवड्यात कुणीतरी माझ्या दुकानात येऊन विचारतं, "काय हो ताई, वीज स्वस्त झाली म्हणे! मग चकली अजून त्याच भावाने?"

या प्रश्नाचं उत्तर काउंटरवर उभ्याउभ्या देता येत नाही. मागे रांग असते आणि कढईत तेल तापलेलं असतं. म्हणून संपादकांनी "यंदा तुम्हीही काहीतरी लिहा, पाककृती चालेल" असं सांगितल्यावर पाककृती बाजूला ठेवून मी हे लिहायला घेतलं आहे.

तर पहिली गोष्ट. ती प्राइस कॅप माझ्यासाठी नाही. १ जानेवारी २०१९ ला ती सुरू झाली तेव्हापासून ती फक्त घरगुती ग्राहकांसाठी आहे. न्हाव्याचं दुकान, लाँड्री, कोपऱ्यावरचं किराणा दुकान, माझ्यासारखीचं फराळाचं दुकान, यांपैकी कुणालाही तिचा उपयोग नाही. आम्हाला दर किती लावायचा ते पुरवठादार ठरवतो आणि तो रोज बदलतो. आमच्या ओळीतल्या तीन दुकानांत तीन वेगवेगळे दर आहेत. तारा त्याच, वीज तीच, रस्त्यातला खांबसुद्धा तोच!

तुमच्या घराचा वीज करार तुम्ही फोनवर केलात तर विचार बदलायला चौदा दिवस मिळतात. दुकानदाराला तसा हक्क नाही. फोनवर "येस" म्हटलं, पलीकडे ते रेकॉर्ड झालं, की झाला करार, आणि तोही तीन-तीन, पाच-पाच वर्षांचा. घरगुती विजेवर व्हॅट ५ टक्के, माझ्यावर २०. दिवसाला ३३ युनिटांच्या आत राहिलात तर दुकानालाही ५ टक्केच लागतो, पण दोन फ्रीजर, एक मोठा फ्रिज, ग्राइंडर आणि धूर ओढणारा पंखा असलेलं दुकान ३३ युनिटांत बसवून दाखवणाऱ्याचा मी जाहीर सत्कार करीन. शिवाय ३३ च्या वर गेलात की क्लायमेट चेंज लेव्ही नावाचा कर, युनिटमागे पाऊण पेनीच्या आसपास. व्हॅट परत मिळतो असं कुणी म्हणेल. नोंदणी असलेल्यांना मिळतो. वर्षाची उलाढाल नव्वद हजार पौंडांच्या आत असल्याने ज्यांनी नोंदणी केलेली नाही, अशा घरगुती डबेवाल्यांना आणि छोट्या केटरर्सना तो खिशातूनच भरावा लागतो.

आता माझा हिशेब सांगते, म्हणजे नुसती कुरकुर वाटायला नको. माझ्या दुकानात महिन्याला सुमारे तीन हजार युनिटं लागतात. २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत माझा दर १५ पेन्स होता, म्हणजे विजेचे साडेचारशे पौंड. तो करार संपला तेव्हा युक्रेनवरच्या हल्ल्याने गॅसचा भाव आभाळाला भिडला होता. या देशात विजेचा बाजारभाव बराच वेळ गॅसवर चालणाऱ्या वीज केंद्रांच्या खर्चाने ठरतो, त्यामुळे पवनचक्क्या कितीही फिरल्या तरी विजेचा भाव गॅसच्या मागे धावतो. मला मिळालेला सगळ्यात कमी दर होता ५८ पेन्स, तोही तीन वर्षांसाठी. सही केली नसती तर कराराबाहेरचा दर लागला असता, आणि तो त्याहून जास्त होता. म्हणजे साडेचारशेचे झाले सतराशे चाळीस, वर स्टँडिंग चार्ज, वर लेव्ही, वर व्हॅट. चकल्या तेवढ्याच, सोऱ्याही तोच.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. ऑक्टोबर २०२२ पासून सहा महिने धंद्यांना मदत योजना होती, घाऊक भावाचा २१.१ पेन्सच्या वरचा बराच भाग सरकारने उचलला. ते सहा महिने नसते तर मी आज हे लिहायला दुकानदार म्हणून उरले नसते. पण १ एप्रिल २०२३ ला ती योजना संपली आणि तिच्या जागी आली ती सूट युनिटमागे दोन पेन्सदेखील नव्हती. मोठ्या, वीजखाऊ उद्योगांना मात्र त्याच दिवसापासून नऊ पेन्सच्या जवळपास. त्या यादीत ग्रंथालयं आणि वस्तुसंग्रहालयं होती, त्याचा मला आनंदच आहे. छोटी उपाहारगृहं आणि कोपऱ्यावरची दुकानं नव्हती. मार्च २०२४ ला ती दोन पेन्सची सूटही गेली.

पुढे बाजारभाव खाली आला. पण माझा ५८ पेन्स सप्टेंबर २०२५ पर्यंत जागचा हलला नाही, कारण करार! त्या उन्हाळ्यात ज्यांचे करार संपले, त्यांचं नशीब फक्त तारखेने ठरलं. माझ्या शेजारच्या केक बनवणाऱ्या बाईंचा करार सहा महिने पुढे संपत होता, एवढाच काय तो आमच्यातला फरक. त्यांनी दुकान वाढवलं आणि मी दोन मुलींना कामावरून कमी केलं. याला बाजार म्हणत असतील तर म्हणोत. आमच्याकडे याला मटका म्हणतात.

आता दलालांकडे वळू. वीज करार करून देणारे ब्रोकर तुम्हाला भेटले नसतील, आम्हाला मात्र दिवसातून तीनदा भेटतात, आणि बरोबर जेवणाच्या गर्दीच्या वेळी. बोलणं गोड, सेवा फुकट. ही फुकट सेवा कशी असते ते सांगते. युनिटच्या दरातच त्यांचं कमिशन मिसळलेलं असतं. माझ्या दरात ते दोन पेन्स निघालं. वर्षाला छत्तीस हजार युनिटं, तीन वर्षं: दोन हजार एकशे साठ पौंड, एका फोनचे! लहान धंद्यांच्या करारात कमिशनचा आकडा दाखवायलाच हवा हा नियम १ ऑक्टोबर २०२२ ला आला, माझ्या सहीनंतर काही दिवसांनी. दलालांनाही ऑफजेमच्या देखरेखीखाली आणू असं सरकारने आता म्हटलं आहे. म्हणजे इतकी वर्षं ते कुणाच्या देखरेखीखाली नव्हते, हे सरकारनेच कबूल केलं म्हणायचं.

कुणी म्हणतं, "अहो, मग वीज कमी वापरा." पदार्थ ८ अंशांच्या वर ठेवलात तर इंग्लंडमध्ये तो कायद्याचा भंग आहे. श्रीखंडाचा फ्रिज रात्री बंद करून मी वीज वाचवली तर दुसऱ्या दिवशी अन्न निरीक्षक दुकान बंद करून माझी आणखी वीज वाचवेल. आणि कमी वापरून तरी काय? एप्रिल २०२२ पासून वितरणाच्या आणि एप्रिल २०२३ पासून पारेषणाच्या खर्चाचा मोठा भाग वापरावर न लावता जागेमागे ठरावीक रक्कम म्हणून लावायला सुरुवात झाली. दुकानांचे वापराप्रमाणे गट पाडले आहेत. गटाच्या रेषेच्या जरा वर असलात की सगळा आकार वरच्या गटाचा. दिवाळीनंतर मी पंधरा दिवस दुकान बंद ठेवून पुण्याला जाते, तेव्हाही तो दररोज चढतच असतो.

पुण्यावरून आठवलं. आपण सगळेच इथे बसून महावितरणला नावं ठेवतो. ठेवावीत, भारनियमनाचे दिवस मीही काढले आहेत. २०२० च्या टाळेबंदीनंतर आलेल्या फुगीर बिलांनी तिथे केवढा गदारोळ झाला तेही आपण इथून वाचलं. पण महाराष्ट्रात दुकानाचा वीजदर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो, त्याआधी जनसुनावणी होते, तिथे जाऊन कोणीही ग्राहक बोलू शकतो, आणि आदेश छापून प्रसिद्ध होतो. दर घरापेक्षा जास्त असतो, त्यावर वाद होतात, पुण्याच्या 'प्रयास'सारख्या संस्था आकड्यांनिशी भांडतात. तरी लक्ष्मी रोडवर महावितरणच्या एकाच वर्गातल्या दोन दुकानांचा दर एकच असतो. माझा भाऊ हे ऐकून म्हणाला, "मग तुमचा पुढारलेला देश कशात पुढे आहे गं?" मी फोन ठेवून दिला.

खरं तर इथेही दर ठरवता येतो. घरांसाठी ठरतोच की. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात घरगुती बिलांवरचा जुन्या अक्षय ऊर्जा योजनेचा तीन चतुर्थांश भार एप्रिल २०२६ पासून तीन वर्षं सरकारने स्वतःकडे घेतला. घरांवरचा, दुकानांवरचा नाही. पोलाद, रसायनं यांसारख्या उद्योगांना एप्रिल २०२४ पासून अशा भारांतून सूट आहे, आणि २०२७ पासून आणखी काही हजार कारखान्यांना ती देण्याची घोषणा झाली आहे. पोलाद टिकायलाच हवं. पण वरच्यांना दिलेल्या सवलतीची भरपाई बरीचशी उरलेल्या ग्राहकांच्या बिलांतून होते. घर वगळा, कारखाना वगळा, मग उरतो कोण?

आपल्या समाजात डॉक्टर आणि आयटीवाले जास्त, दुकानदार हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. म्हणून हा विषय आपल्या बैठकीत कधी निघत नाही. पण हॉलचं भाडं का वाढलं यावर मागच्या सभेत अर्धा तास खडाजंगी झाली, तेव्हा हॉललाही दुकानासारखाच मीटर असतो हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्या मंडळांची स्वतःची वास्तू आहे त्यांच्या खजिनदारांना एक फुकटचा सल्ला, आणि हा खराच फुकट आहे: धर्मादाय संस्थेच्या बिगरव्यावसायिक वापराला व्हॅट ५ टक्केच लागतो आणि लेव्ही लागत नाही, पण त्यासाठी पुरवठादाराकडे प्रमाणपत्र भरून द्यावं लागतं. ते दिलं आहे का, आजच बघा. आणि ज्यांचे छोटे धंदे आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावं: दहापेक्षा कमी माणसांच्या धंद्याला बारा महिन्यांपूर्वीच्या वापराचं विसरलेलं बिल पुरवठादार सहसा लावू शकत नाही, आणि डिसेंबर २०२४ पासून पन्नासपेक्षा कमी माणसांच्या लहान धंद्यांनाही ऊर्जा लोकपालाकडे फुकट तक्रार नेता येते.

मला दया नको आहे, आणि चकलीवर कुणी जास्तीचे पैसेही देऊ नयेत. मला हव्यात तीन गोष्टी. लहान धंद्यांसाठी कराराबाहेरच्या दराला कमाल मर्यादा. फोनवरच्या कराराला चौदा दिवसांची मुभा. दलालाचं कमिशन पौंडांत, सहीच्या जागेच्या अगदी वर. यातल्या एकाही गोष्टीसाठी सरकारी तिजोरीतून पेनी जाणार नाही, त्यामुळे "पैसे नाहीत" हे उत्तर मी ऐकून घेणार नाही.

खासदारांना पाठवायच्या पत्राचा मसुदा मी केला आहे, एक पानाचा, साध्या इंग्रजीत. दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या टेबलाच्या डाव्या टोकाला त्याच्या प्रती ठेवीन. आपापल्या खासदाराचं नाव आणि आपला पोस्टकोड तेवढा घालायचा आहे. पेनही ठेवीन, पण ते परत करा.