इरिनाचं मराठी गोड, मग चाकणच्या कामगाराचं का नाही? रिअ‍ॅलिटी शो आणि ‘बाहेरच्यां’चा वाद

जुलै २०२४ च्या शेवटी ‘बिग बॉस मराठी’चं पाचवं पर्व सुरू झालं. घरात एक स्पर्धक अशी होती, जिची मातृभाषा मराठी तर नव्हतीच, पण भारतातली दुसरी कुठलीही भाषा नव्हती. इरिना रुडाकोवा, मूळची रशियाची. ती चुकतमाकत मराठी बोलायला लागली आणि प्रेक्षकांना ती आवडली. तिच्या क्लिप्स फिरल्या, कौतुक झालं. त्या कौतुकाला अनेकदा एक टोमणाही जोडलेला असायचा: परदेशातली मुलगी शिकते, मग इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्यांना काय होतं?

साधारण वर्षभराने, जून २०२५ च्या शेवटी, मीरा रोडला मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली. व्यापाऱ्यांनी मोर्चा काढला, त्याला उत्तर म्हणून मराठी मोर्चा निघाला. पुन्हा तेच फोन, तीच रील्स, पण सूर पार बदललेला.

याला ढोंगीपणा म्हणून मोकळं होता येईल. पण मामला तेवढा सोपा नाही. आवडता स्पर्धक निवडणं आणि स्थलांतराबद्दल मत बनवणं, या दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न असतो: आपला कोण? फरक इतकाच, की टीव्हीवर हा प्रश्न नावानिशी येतो आणि रस्त्यावर तो आकड्यांत येतो.

संत तुकाराम नगरात ‘बाहेरचा’ कोण?

पिंपरीतल्या संत तुकाराम नगरात या प्रश्नाचं उत्तर देणं भलतंच अवघड आहे. म्हाडाच्या इमारती, यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय म्हणजे सगळ्यांचं ‘वायसीएम’, डी. वाय. पाटीलचं कॉलेज, शेजारी वल्लभनगरचं एसटी स्थानक आणि मार्च २०२२ पासून मेट्रो. वायसीएमच्या केसपेपरच्या रांगेत दहा मिनिटं उभं राहिलं तरी मराठवाड्याची बोली, खानदेशी हेल आणि भोजपुरी, असं सगळं कानावर पडतं.

पिंपरी तशी आधीपासूनच आलेल्यांची. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कुटुंबं इथल्या कॅम्पात आली. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे टेल्को आली, आकुर्डीत बजाज आली. २००१ ला पिंपरी-चिंचवड महापालिका हद्दीची लोकसंख्या १० लाखांच्या आसपास होती, २०११ च्या जनगणनेत ती सव्वासतरा लाखांच्या वर गेली. दहा वर्षांत नुसत्या बारशांनी एवढं शहर वाढत नाही.

गंमत अशी, की इथे ‘बाहेरचा’ हा शब्द आधी परप्रांतीयाला लागलाच नाही. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं, शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि साडेबारा टक्के परताव्याचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षं रेंगाळला. ज्यांच्या जमिनी गेल्या ते ‘गाववाले’ आणि त्या जमिनींवर राहायला आलेले ते ‘बाहेरचे’. हे बाहेरचे बहुतांशी मराठीच होते. कुणी लातूरचे, कुणी बीडचे, कुणी जळगावचे. महापालिकेच्या तिकीटवाटपात गाववाला-बाहेरचा हा हिशेब आजही मांडला जातो.

म्हणजे दिवाळीला वल्लभनगरला लातूरच्या गाडीची वाट बघत उभा असलेला तरुण पिंपरीच्या गाववाल्याच्या लेखी बाहेरचा असतो. तोच तरुण चाकणच्या कंपनीत शेजारच्या मशीनवरच्या बिहारी मुलाला बाहेरचा म्हणतो. आणि तो बिहारी मुलगा छठच्या सुट्टीसाठी पुणे स्टेशनवर दानापूरच्या गाडीत जागा मिळते का बघत असतो. तिघांच्याही तक्रारी खऱ्या आहेत. भाडं वाढलंय, पाणी दिवसाआड येतं, नोकरी कायम नाही.

मराठमोळा शिव, मग स्टॅन कोण?

फेब्रुवारी २०२३. हिंदी ‘बिग बॉस’च्या १६ व्या पर्वाची अंतिम फेरी. शेवटी उरले दोघं: अमरावतीचा शिव ठाकरे आणि पुण्याचा रॅपर एमसी स्टॅन. दोघंही महाराष्ट्रातले, दोघंही साध्या घरांतून आलेले. शिवच्या नावाआधी ‘मराठमोळा’ हे विशेषण माध्यमांनी जवळपास कायमचं चिकटवून टाकलं होतं. ताडीवाला रोडवर वाढलेल्या आणि पुण्याच्या वस्त्यांतली हिंदी राष्ट्रीय टीव्हीवर घेऊन गेलेल्या स्टॅनच्या वाट्याला ते आलं नाही. जिंकला मात्र स्टॅन.

पुण्यात जन्मलेला मुलगा ‘आपला’ ठरायला काय लागतं? आडनाव, भाषा की धर्म? शो संपला, चर्चा संपली, हा प्रश्न तसाच राहिला. खरं तर त्या पर्वातली हीच गोष्ट जास्त बोलण्यासारखी होती.

मतदानाच्या शोमध्ये ‘आपल्या माणसाला मत द्या’ ही हाक नवी नाही. तिचं टोक देशाने २००७ मध्ये बघितलं होतं.

एक पर्व, दोन शहरं

‘इंडियन आयडॉल’च्या तिसऱ्या पर्वात अंतिम फेरीत होते कोलकाता पोलिसांत नोकरी करणारा दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल. तमांगसाठी डोंगराळ भागात गावोगाव वर्गणी काढून मतं दिली गेली. सप्टेंबर २००७ मध्ये तो जिंकला. त्यानंतर दिल्लीच्या एका रेडिओ निवेदकाने त्याच्या नेपाळीभाषक असण्यावर, आता रात्रीची राखण कोण करणार, अशा अर्थाची टिंगल केली. सिलिगुडीत दंगल पेटली, संचारबंदी लागली, लष्कर बोलवावं लागलं. तमांगसाठीच्या मोहिमेत पुढे असलेले बिमल गुरुंग यांनी काही दिवसांतच, ऑक्टोबर २००७ मध्ये, गोरखा जनमुक्ती मोर्चा काढला आणि स्वतंत्र गोरखालँडची मागणी पुन्हा उभी राहिली.

एका गाण्याच्या शोमधून पक्ष निघणं ऐकायला विचित्र वाटतं. पण ‘तुम्ही भारतीयच नाही’ हे ऐकून थकलेल्या लोकांना देशाने मतं देऊन ‘इंडियन’ आयडॉल म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी कुणीतरी त्यांना पुन्हा चौकीदार करून टाकलं. राग कशाचा होता, हे त्यातून कळतं.

दुसरीकडे शिलाँगमध्ये उलटं घडलं. अमित पॉल बंगाली, म्हणजे तिथल्या भाषेत बिगरआदिवासी. ज्या शहरात बिगरआदिवासींविरुद्ध अनेकदा हिंसाचार झाला, त्याच शहरात खासी आणि बंगाली एकत्र त्याच्यासाठी रस्त्यावर उतरले. मेघालय सरकारने त्याला शांतता आणि सलोख्याचा सदिच्छादूत केलं.

मग सलोखा टिकला का? २०१३ मध्ये बाहेरून येणाऱ्यांना परवाना सक्तीचा करा, या मागणीसाठी शिलाँगमध्ये पुन्हा जाळपोळ झाली. २०१८ मध्ये तिथल्या पंजाबी वस्तीवरून शहर अनेक दिवस तणावात होतं. अमित पॉल आवडणं आणि आपल्या जमिनीची, नोकरीची भीती जाणं, या वेगवेगळ्या गोष्टी निघाल्या.

टीव्हीमुळे मत बदलतं का?

थोडं बदलतं, असं संशोधन सांगतं. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलं होतं, की दोन गटांतले लोक बरोबरीच्या नात्याने प्रत्यक्ष भेटले, तर पूर्वग्रह कमी होऊ शकतात. २००५ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवलं, की पडद्यावरची ओळखही असंच काहीसं काम करते. रोज रात्री जी व्यक्ती रडताना, भांडताना, स्वयंपाक करताना दिसते, ती अनोळखी राहत नाही. इरिनाचं हेच झालं. शेजारच्या खोलीत सहा जण मिळून राहणाऱ्या कामगारांचं नावही माहीत नसतं, मग त्यांच्या मराठीचं कौतुक कोण करणार?

शिवाय इरिनाचा आणि प्रेक्षकांचा कशावरूनच संघर्ष नव्हता. ती कुणाची नोकरी घ्यायला आली नव्हती, तिच्यामुळे कुणाच्या चाळीचं भाडं वाढलं नव्हतं. गोऱ्या पाहुणीने दोन शब्द मराठी बोलले तर गोड वाटतं. पाणीपुरीवाल्याने तेच दोन शब्द बोलले, तर ते त्याचं कर्तव्य मानलं जातं. यात वर्ग आणि रंग दोन्ही आहेत, हे मान्य करायला हरकत नसावी.

दुसरं संशोधन जास्त अस्वस्थ करणारं आहे. कोलंबिया विद्यापीठातल्या युनजी किम यांनी अमेरिकेतल्या ‘गरिबीतून वर आलेला विजेता’ छापाच्या शोंचा अभ्यास केला. असे शो बघणाऱ्यांचा ‘मेहनत केली की कुणीही वर जातो’ यावरचा विश्वास वाढतो, असं त्यांना आढळलं. आपल्याकडे बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण बिग बॉस जिंकला, तेव्हा लाखो पोरांना आपणच जिंकल्यासारखं वाटलं, आणि त्यात वाईट काही नाही. पण मेहनत केली की होतंच, हे एकदा मनात बसलं की चाकणमध्ये सहा महिन्यांच्या कंत्राटावर काम करणाऱ्या मुलाकडे स्वतःच्या परिस्थितीची दोनच स्पष्टीकरणं उरतात. एक, मी कमी पडलो. दोन, कुणीतरी माझी जागा घेतली. पहिलं मानायला जड जातं.

स्पर्धेचं बक्षीस म्हणून देश

हे दोन्ही विषय एकमेकांत पूर्ण मिसळले तर काय होईल, तेही जगाने पाहिलंय. जून २००० मध्ये जर्मन दिग्दर्शक क्रिस्टोफ श्लिंगेनझीफ यांनी व्हिएन्नाच्या ऑपेरा हाउसशेजारी कंटेनर ठेवले, त्यात आश्रय मागणारे १२ जण ठेवले आणि ‘बिग ब्रदर’सारखं लोकांना मतदान करून रोज दोघांना देशाबाहेर ‘काढायला’ सांगितलं. परदेशी लोकांविरोधात प्रचार करणारा पक्ष तेव्हा नुकताच ऑस्ट्रियाच्या सत्तेत आला होता. हा उपहास होता, पण लोकांनी खरोखर मतं दिली.

पंचवीस वर्षांनी, मे २०२५ मध्ये, अमेरिकेच्या गृहसुरक्षा विभागाने मान्य केलं, की स्थलांतरितांमध्ये नागरिकत्वासाठी स्पर्धा लावणाऱ्या एका शोचा प्रस्ताव त्यांच्याकडे विचाराधीन आहे. तो मांडणारा निर्माता स्वतः कॅनडातून आलेला. यावेळी उपहास नव्हता.

कॅमेऱ्यात न येणारा ठेकेदार

भारतात राज्य बदलायला व्हिसा लागत नाही. राज्यघटनेचं कलम १९ देशात कुठेही फिरण्याचं आणि राहण्याचं स्वातंत्र्य देतं. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत स्थानिकांसाठी ७५ टक्के आरक्षणाचा कायदा केला, तो पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला. महाराष्ट्रात उद्योगांनी ८० टक्के स्थानिकांना घ्यावं असं धोरण शासन निर्णयांतून आलं आहे. त्यातला ‘स्थानिक’ मात्र आडनावावरून ठरत नाही, राज्यातल्या १५ वर्षांच्या वास्तव्यावरून ठरतो. पिंपरीत पंधरा वर्षं काढलेला बिहारी कामगारही त्या व्याख्येत बसतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर हे कुणी सांगत नाही.

मग कंपन्यांना लांबून आलेला कामगार का परवडतो? तो जास्त मेहनती असतो, हे मालकांकडून हमखास ऐकू येणारं उत्तर. वस्तुस्थिती अशी, की तो बारा तास थांबतो, गावातल्या लग्नाला सुट्टी मागत नाही, युनियनकडे जात नाही आणि ठेकेदाराने दिलेल्या खोलीत राहतो, म्हणून काम सोडलं की खोलीही जाते. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात एक साधी तरतूद होती: एकाच कामासाठी ठेकेदाराने आणलेल्या कामगाराला इतरांपेक्षा कमी मजुरी देता येणार नाही. ती नीट पाळली गेली असती, तर स्वस्त म्हणून बाहेरचा माणूस आणण्याचं मोठं कारणच संपलं असतं. बीडच्या मुलाचाही त्यात फायदा होता.

मे २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हेच कामगार पायी, ट्रकने, श्रमिक रेल्वेने निघून गेले आणि चाकण-भोसरीतल्या उद्योगांना मनुष्यबळाची ओरड करावी लागली. तेव्हा थोडे दिवस त्यांचे चेहरे टीव्हीवर दिसले. नावं फारशी कुणी विचारली नाहीत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९७९ चा कायदा त्यांत विलीन झाला. आता ठेकेदाराशिवाय, स्वतःहून दुसऱ्या राज्यातून आलेला कामगारही स्थलांतरित कामगाराच्या व्याख्येत आहे. त्यासाठी पगाराची मर्यादा महिना १८ हजार रुपये. जुन्या कायद्यातला विस्थापन भत्ता मात्र गेला, गावी जाण्यायेण्याच्या प्रवासाचा भत्ता तेवढा राहिला. अंमलबजावणी राज्यांच्या नियमांवर आणि तपासणी करणाऱ्या यंत्रणेवर अवलंबून आहे. संत तुकाराम नगरातून पहाटे चाकणला निघणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये लातूरचा मुलगाही असतो आणि दानापूरच्या गाडीने आलेलाही. दोघांच्या पगाराच्या पावतीवर बहुतेक वेळा नाव ठेकेदाराचं असतं.