खेळाडूचा दाखला कुणाच्या कपाटात?

मल्लेश्वरमच्या अठराव्या क्रॉसवर मोठं मैदान आहे. गेल्या आठवड्यात तिथे एका मुलासोबत चहा पीत बसले होते. तो माझ्याच भागातला, कोल्हापूर जिल्ह्यातला. वडील गवंड्याच्या हाताखाली काम करतात, घरात बारावीच्या पुढे गेलेला हा पहिलाच. फुटबॉल उत्तम खेळतो, म्हणून बेंगळुरूतल्या एका खासगी कॉलेजनं त्याला स्पोर्ट्स कोट्यातून प्रवेश दिला. फी माफ, हॉस्टेल, मेसचं जेवण, बूट. लेखी मात्र काहीच नाही. दुसऱ्या वर्षी गुडघ्याचा लिगामेंट फाटला. संघातून नाव गेलं आणि पाठोपाठ फीची मागणी आली. दुसऱ्या कॉलेजात जागा मिळत होती. पण ऑफिसनं सांगितलं, उरलेल्या वर्षांची फी भरा, मगच टीसी, मार्कशीट आणि जातीचा दाखला मिळेल.

"ताई, ओरिजिनल दाखला नसेल तर पुढचा प्रवेश कसा घेऊ?" त्यानं विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

याच सुमारास अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवरची चर्चा वाचत होते. तिथला फुटबॉल वेगळा, आपल्या रग्बीच्या जवळचा. पण प्रश्न ओळखीचा आहे. कॉलेजसाठी खेळणाऱ्या मुलाला पैसे द्यावेत का, किती द्यावेत, आणि तो दुसऱ्या कॉलेजात गेला तर त्याला अडवावं का? जून 2025 मध्ये तिथल्या न्यायालयानं एका तडजोडीला मान्यता दिली. त्यानुसार पहिल्या वर्षी एक विद्यापीठ आपल्या सगळ्या खेळाडूंना मिळून 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत, म्हणजे सुमारे पावणेदोनशे कोटी रुपयांपर्यंत थेट देऊ शकतं. गेली काही वर्षं खेळाडूंना कॉलेज बदलायचं स्वातंत्र्यही बरंच मिळालं आहे. आता ओरड सुरू आहे की खेळाचा बाजार झाला, मर्यादा घाला. गंमत अशी की मर्यादा खेळाडूंच्या पैशावर आहे, प्रशिक्षकांच्या पगारावर नाही. काही प्रशिक्षक वर्षाला एक कोटी डॉलरहून जास्त घेतात. आणि वरच्या पातळीवरच्या या खेळात काळ्या खेळाडूंचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानानं कितीतरी जास्त आहे.

इतकी वर्षं पैसे का दिले नाहीत? कारण ते 'विद्यार्थी-खेळाडू' होते. हा शब्द 1950 च्या दशकात तिथल्या कॉलेज खेळांच्या संघटनेनं रूढ केला. कॉलेजसाठी खेळताना डोक्याला मार लागून एक खेळाडू मेला होता. त्याच्या विधवेनं कामगाराला मिळते तशी भरपाई मागितली. 1957 मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयानं ती नाकारली, कारण तो कॉलेजचा कामगार नव्हता. 'विद्यार्थी' हा मानाचा शब्द हक्क नाकारायला असा कामी आला.

'पैशासाठी नाही, खेळासाठी खेळा' हा उपदेश कुठून येतो, हेही बघू. 1879 मध्ये इंग्लंडमधल्या हेन्लीच्या नौका शर्यतीच्या आयोजकांनी हौशी खेळाडूची व्याख्या केली. तिच्यात कारागीर आणि मजूर बसत नव्हते. हातानं काम करणारा माणूस हौशी असूच शकत नाही, असा त्याचा अर्थ. आपल्याला हे तर्कशास्त्र नवीन नाही. जिम थॉर्प हा अमेरिकेतला मूलनिवासी, कार्लाइल इंडियन स्कूलकडून फुटबॉल खेळणारा. 1912 च्या ऑलिंपिकमध्ये त्यानं दोन सुवर्णपदकं जिंकली आणि पुढच्याच वर्षी ती काढून घेतली गेली. गुन्हा काय, तर आधी सुट्टीत थोड्या पैशांवर बेसबॉल खेळला होता.

आपल्याकडे पळवणकर बाळू होते. धारवाडमध्ये जन्मलेले, चांभार समाजातले. पुण्यातल्या युरोपियनांच्या क्लबात ते महिना चार रुपयांवर मैदानाचं काम करत आणि साहेबांना नेटमध्ये तासनतास गोलंदाजी करत. हिंदूंच्या संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, पण चहा मात्र पॅव्हिलियनबाहेर, वेगळ्या कपात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते त्यांच्या भावाला, विठ्ठलला, 1923 मध्ये मिळालं. श्रम हवेत, माणूस नको, ही रीत आपल्या खेळांत पहिल्यापासून आहे.

ज्याच्या घरी खेळासाठी लागणारं सगळं आधीच असतं, त्याला हौस परवडते. याच मल्लेश्वरममध्ये कॅनरा युनियनच्या लग्नाच्या हॉलमध्ये प्रकाश पदुकोण बॅडमिंटन शिकले आणि 1980 मध्ये ऑल इंग्लंड विजेते झाले. गुण आणि मेहनत त्यांचीच. पण समाजाचा हॉल होता, त्यात कोर्ट होतं, वडील राज्याच्या बॅडमिंटन संघटनेत होते, हेही खरं. याच शहरात हलसूरूजवळ गौतमपुरा आहे. प्रामुख्यानं तमिळ दलितांची ही वस्ती फुटबॉलवेडी म्हणून प्रसिद्ध आहे. तिथे बुद्ध, बाबासाहेब आणि मदर तेरेसा यांच्या सोबतीला पेलेचा पुतळा उभा आहे. अशा वस्तीतल्या पोरासाठी फुटबॉल म्हणजे नोकरीची वाट होती. आयटीआय, एचएएल यांसारख्या सरकारी कारखान्यांचे संघ होते. त्यांत खेळणारा कारखान्याचा कर्मचारी असे. पगार होता, पीएफ होता. आज त्या जागी खासगी कॉलेजांचा कोटा आला आहे. त्यात पीएफ तर नाहीच, साधा कागदही नाही.

कुणी म्हणेल, पैसे आणि मोकळीक दिली तर श्रीमंत कॉलेजं सगळे खेळाडू पळवतील आणि सरकारी कॉलेजांचे संघ रिकामे होतील. ही भीती खोटी नाही. आमच्या कोल्हापुरात हंगामाआधी कुठला खेळाडू कुठल्या तालमीकडे गेला याची चर्चा पेठापेठांत रंगते, पैशाची ताकद तिथेही दिसते. पण त्यावरचा उपाय खेळाडूला बांधून ठेवणं हा नाही. फिफाचा नियम बघा. करार चालू असताना खेळाडू पैसे मोजून दुसऱ्या क्लबात गेला, तर त्या रकमेचे पाच टक्के त्याच्या वयाच्या 12 ते 23 वर्षांत त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. भरपाई क्लबनं क्लबला द्यायची, खेळाडूनं नाही. तसंच श्रीमंत कॉलेजनं छोट्या कॉलेजला, वस्तीतल्या क्लबला द्यावं.

म्हणून नियमन हवंच, पण सुरुवात कॉलेजपासून करा. कोट्यातून प्रवेश देताना लेखी करार असावा, मुलाच्या आईवडिलांना वाचता येईल अशा भाषेत. फीमाफी, जेवण, हॉस्टेल हे उपकार नाहीत, खेळाच्या श्रमाचा मोबदला आहे, असं त्यात स्पष्ट असावं. खेळताना दुखापत झाली तर उपचार कॉलेजनं करावेत आणि पदवी होईपर्यंत फीमाफी चालू ठेवावी. आणि मूळ कागदपत्रं अडवणं ताबडतोब थांबावं. यासाठी नवा कायदाही नको. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेऊ नयेत, असं यूजीसीनं ऑक्टोबर 2018 मध्येच अधिसूचना काढून सांगितलं आहे. प्रवेशाच्या वेळी ती तपासून तिथल्या तिथे परत करायची असतात.

हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण आपापल्या घरातले पहिले पदवीधर आहेत. कुठल्या खिडकीवर कुठला कागद मागायचा, हे आपण ठेचा खाऊन शिकलो. आपल्या वस्तीतलं एखादं पोर खेळाच्या जोरावर कॉलेजात निघालं असेल, तर बूट घेऊन देण्याआधी त्याच्यासोबत ऑफिसात जा. काय देणार ते लिहून घ्या, ओरिजिनल परत घ्या, मिळाले नाहीत तर यूजीसीकडे लेखी तक्रार करा.

त्या मुलाचा अर्ज आम्ही दोघांनी त्या दिवशी तिथेच बसून लिहिला. त्याच्या गुडघ्याला पट्टा होता. समोर पोरं खेळत होती, आणि तो मधूनच मान वर करून बॉल कुणाकडे गेला ते बघत होता.