‘घरचं बोलू नका’ – का?

सिकलसेलच्या रुग्णगटांत एक नियम ऐकू येतो : ‘आजाराचंच बोला, घरचं नको.’ हा नियम कुणाच्या सोयीचा? आई आणि बाप, दोघांकडून सिकलचा गुण आला तरच मूल पीडित होतं. दोघे वाहक असतील तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता. तरी गडचिरोली-चंद्रपुरात बोल लागतो बाईलाच – ‘तुझ्या माहेरचं दुखणं!’ मग घर वगळून तिनं बोलायचं काय, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या?

२०२३ च्या राष्ट्रीय मोहिमेत तपासणीची कार्डं वाटली गेली. सोयरीक जुळवताना कार्ड मागतात मुलीचं. म्हणून नियम हवाच, पण वेगळा : इथं कळलेलं नाव गावात जाणार नाही, कार्यकर्तीच्या तोंडूनही नाही. आणि नवऱ्यानंही बैठकीला यावं, स्वतःचं रक्त तपासून.