पाणी शिरतं ते कडेतून

मे महिना लागला की हार्डवेअरच्या दुकानांत एक चौकशी हमखास होते: बाहेरच्या प्लायवूडला टिकाऊ वॉटरप्रूफ कोटिंग कोणतं? गच्चीवरचं कपाट असो, टपरीची फळी असो की दुकानाचा बोर्ड, जो थर सर्वांत कडक आणि चकचकीत तोच टिकणार, असं समजून महागडा डबा घेतला जातो. माझं मत याच्या उलट आहे. उघड्यावरच्या प्लायवूडला ताणला जाणारा आणि ऊन अडवणारा थर हवा, आणि तो आधी कडांना हवा.

प्लायवूडचे पापुद्रे ओंडका फिरवत पात्याने सोलून काढतात आणि सोलतानाच त्यांत बारीक चिरा पडतात. कोकणात एप्रिल-मेचं रणरणतं ऊन आणि मागोमाग चार महिन्यांचा मुसळधार पाऊस, अशा फुगण्या-आकसण्यात त्या चिरा उघडतात. वरचा थर ताठ असेल तर तोही तडकतो. मग केसाएवढ्या भेगेतून पाणी सहज आत जातं, पण थराखाली अडकल्यावर लवकर वाळत नाही. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर रेंगाळला की कुजण्याचा धोका सुरू होतो. पारदर्शक वॉर्निशची अडचण आणखी वेगळी. त्यातून ऊन आरपार जातं, लाकडाचा वरचा भागच सैल पडतो आणि चांगला लावलेला थरही पोपडे धरून सुटतो. म्हणून प्रायमरवर बाहेरच्या लाकडासाठीच्या, रंगद्रव्य असलेल्या अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन हात, ही माझी पहिली पसंती.

पण हाच रंग नुसता दर्शनी बाजूला फासला तर फायदा नाही. कापलेली कड नीट पाहा: एकाआड एक पापुद्र्यांचे रेषे तिथे तोंड उघडून असतात आणि पाणी ओढून घेतात. शिवाय ओला रंग धारदार कोपऱ्यावरून मागे सरतो, म्हणजे जिथे थर जाड हवा नेमका तिथेच तो पातळ बसतो. पॉलिश पेपरने कोपरा गोल करावा, कडेला प्रायमर पिईल तितका पाजावा, वाळला की पुन्हा द्यावा. स्क्रूची भोकं, खालची कड आणि भिंतीकडची पाठ यांनाही तेच.

मरीन प्लाय घेतल्यावर हे कशाला, असं कोणी म्हणेल. आयएस 710 च्या प्लायवूडची 72 तास पाण्यात उकळून परीक्षा होते, ती मुख्यतः गोंदाची. पापुद्र्यांवर कीड-बुरशीविरोधी प्रक्रियाही असते, पण उन्हाने वरचा पापुद्रा तडकायचा तो तडकतोच. एपॉक्सीचा आग्रह धरणाऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. पाणी अडवण्यात ते उत्तम, पण उन्हात त्याची भुकटी होते. कडांना ते जरूर वापरावं, मात्र वरून रंग हवाच. लाकडाचे रेषे दिसायलाच हवे असतील तर ऊनरोधक वॉर्निश लावता येईल, फक्त ते पोपडे धरण्याआधी पुन्हा पुन्हा द्यायची तयारी ठेवावी. जळकं ऑईल मात्र लावूच नये. ते आरोग्याला घातक आहे आणि त्यावर पुढे रंग धरत नाही.

हे सगळं काम प्लायवूड पूर्ण कोरडं असतानाच करायचं, म्हणजे वळवाच्या आधी. बजेट कमी असेल तर रंग एक दर्जा स्वस्त घ्या, पण रंगाऱ्याकडून कडा आणि पाठ आपल्या डोळ्यांदेखत रंगवून घ्या.