टॉवर नाही, तरी विमाने धडकत का नाहीत? कराडच्या धावपट्टीचा न विचारलेला प्रश्न

पुणे-बेंगळुरू महामार्गाने कराडजवळून जाताना वारुंजीच्या बाजूला कधी कधी छोटे प्रशिक्षण विमान घिरट्या घालताना दिसते. ते धावपट्टीवर चाके टेकवते आणि न थांबता पुन्हा उडते. त्याला ‘आता उतर’, ‘आता थांब’ असे सांगणारा हवाई वाहतूक नियंत्रक, म्हणजेच एटीसी, तिथे नसतो.

कोयना धरणाच्या काळात तयार झालेल्या या धावपट्टीच्या विस्ताराची चर्चा अनेक वर्षे सुरू आहे. तिकडे सांगलीकर कवलापूरच्या जागेवर विमानतळ मागत आहेत. दोन्हीकडे वाद होतो तो जमिनीचा, धावपट्टीच्या लांबीचा आणि मुंबईचे विमान कधी सुरू होणार याचा. एकाच वेळी दोन विमाने धावपट्टीवर आली तर काय, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

टॉवरशिवाय विमान उतरते कसे?

यात नियमबाह्य काही नाही. अमेरिकेतही बहुतेक सार्वजनिक विमानतळांवर टॉवर नाही. अशा ठिकाणी सुरक्षितता तीन गोष्टींवर उभी असते.

पहिली, ठरलेली वाट. धावपट्टीभोवती आयताकृती फेरी असते, तिला सर्किट म्हणतात. वाऱ्याच्या दिशेने तोंड करून उड्डाण, मग डावीकडे वळण, धावपट्टीला समांतर उलट दिशेने प्रवास, पुन्हा दोन डावी वळणे आणि शेवटी सरळ धावपट्टीकडे. सगळे एकाच वाटेने गेले, की पुढचा कुठे असेल हे मागच्याला कळते.

दुसरी, उघड बोलणे. सगळे वैमानिक एकाच रेडिओ फ्रिक्वेन्सीवर असतात. मी कोण, कुठे आहे, किती उंचीवर आहे आणि पुढे काय करणार, हे प्रत्येक टप्प्यावर सांगायचे. कुंभार्ली घाटात आंधळ्या वळणावर हॉर्न देतो, तसेच हे. फक्त इथे हॉर्न पुरेसा नसतो, पूर्ण पत्ता द्यावा लागतो.

तिसरी, डोळे. रेडिओवर कोणी बोलले नाही म्हणजे आकाश मोकळे आहे, असे समजायचे नाही. उतरणाऱ्या विमानाला आधी वाट द्यायची, हा नियमही सर्वांना लागू असतो.

गडबड कुठे होते?

वारा पडलेला असतो तेव्हा. वारा असला की कोणत्या टोकाने उतरायचे ते आपोआप ठरते. हिवाळ्यातल्या शांत सकाळी दोन वैमानिक दोन वेगळी टोके निवडू शकतात. त्यात नदीकाठचे धुके किंवा उसाच्या फडात पेटवलेल्या पाचटाचा धूर असेल, तर तिसरा आधारही, म्हणजे डोळेही, कमजोर पडतो.

दुसरे कारण वेगातला फरक. शिकाऊ विमान उतरताना ताशी साधारण ११० किलोमीटर वेगाने येते, छोटे जेट त्याच्या दुप्पट. १८ ऑगस्ट २०२२ रोजी कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल येथे एक छोटे विमान सर्किटमध्ये होते आणि दुसरे, दोन इंजिनांचे वेगवान विमान दूरवरून थेट धावपट्टीकडे येत होते. दोघेही रेडिओवर बोलत होते. मागचे विमान फार वेगाने येत असल्याचे पुढच्या वैमानिकाच्या लक्षातही आले होते. तरीही टक्कर झाली आणि तिघांचा जीव गेला.

तिसरे कारण अर्धवट ऐकलेला शब्द. १९ नोव्हेंबर १९९६ रोजी इलिनॉयमधील क्विन्सी विमानतळावर प्रवासी विमान उतरत होते. दुसऱ्या, आडव्या धावपट्टीवर एक विमान उड्डाणासाठी उभे होते. ‘तुम्ही थांबणार आहात का?’ असे उतरणाऱ्या वैमानिकांनी विचारले. उत्तर आले ते उभ्या विमानाच्या मागे रांगेत असलेल्या तिसऱ्याच विमानाकडून. ते नेमक्या वेळी कॉकपिटमधल्या इशाऱ्याच्या आवाजात अर्धवट ऐकू आले आणि वैमानिकांचा समज झाला, की समोरचा थांबला आहे. तो थांबला नव्हता. दोन्ही विमानांतील सर्व १४ जण मरण पावले.

मोठ्या विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा असतेच की, असे कोणी म्हणेल. पण ती जमिनीच्या अगदी जवळ आल्यावर ‘वर जा, खाली जा’ असा सल्ला देणे बंद करते. समोरच्या छोट्या विमानात ट्रान्सपाँडर नसेल, तर तिला ते दिसतही नाही.

मग टॉवरच बांधा ना?

टॉवर उपयोगी आहेच. पण तो रामबाण नाही. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा या पूर्ण नियंत्रित विमानतळावर प्रवासी विमान आणि तटरक्षक दलाचे विमान धावपट्टीवर धडकले. प्रवासी विमानातील सर्व ३७९ जण वाचले, तटरक्षक दलाचे पाच जण गेले. शिवाय दिवसाला मोजकी उड्डाणे असलेल्या ठिकाणी चोवीस तास नियंत्रक बसवणे परवडत नाही, हेही खरे.

पण ‘पूर्ण टॉवर’ आणि ‘काहीच नाही’ यांच्यामध्ये बरेच काही आहे. ऑस्ट्रेलियात अनेक छोट्या विमानतळांवर रेडिओवर बोलताच ‘बीप’ करून उत्तर देणारे साधे यंत्र असते. वैमानिकाला लगेच कळते, की आपण योग्य फ्रिक्वेन्सीवर आहोत. नॉर्वेत छोट्या विमानतळांवर परवानगी देणारा नव्हे, पण कोण कुठे आहे याची माहिती देणारा प्रशिक्षित अधिकारी असतो. २०१९ पासून तिथल्या रॉस्ट बेटावरील विमानतळाची ही सेवा कॅमेऱ्यांच्या मदतीने दूरच्या बोडो शहरातून चालते.

माझे म्हणणे एवढेच आहे, की विस्ताराच्या आराखड्यात हा खर्च पहिल्या पानावर हवा. वारा शांत असताना कोणते टोक वापरायचे ते लेखी ठरवा. प्रशिक्षण सुरू असेल, तर बाहेरून येणाऱ्या विमानाने, त्यात कितीही मोठा नेता असला तरी, थेट न घुसता सर्किटमध्ये यावे. सर्व संभाषण रेकॉर्ड व्हावे. माहिती देणारा माणूस स्वतंत्र असावा. ज्या संस्थेची विमाने हवेत आहेत, तिच्याच माणसावर ही जबाबदारी टाकणे योग्य नाही. कोल्हापूरला टॉवर आहे. तिथून कराडला दूरस्थ सेवा देता येईल का, याचाही अभ्यास व्हावा.

आज कराडला उडणारी मुले विशीतली आहेत. त्यांना शिस्त शिकवली जाते, आणि ती बहुतेक वेळा पुरतेही. पण माणूस कधीतरी चुकणार, हे गृहीत धरून दुसरा आधार उभा करणे हे सरकारचे काम आहे. धावपट्टी किती मीटरने वाढणार, हे आमदार-खासदारांना आपण विचारतोच. आता तिच्यावर लक्ष कोण ठेवणार, हेही विचारायला हवे.