मोटारीचा मूळ पाठ

जुन्या मोटारीला नव्याने रंग द्यायचा म्हटले की संग्राहक पहिल्यांदा विचारतो, कारखान्यातून निघताना तिचा रंग कोणता होता? दाराच्या चौकटीत किंवा डिकीतल्या कोपऱ्यात थर खरवडले, की बहुधा उत्तर मिळते. आम्हां साहित्याच्या शिक्षकांना ही धडपड ओळखीची आहे. 1584 साली एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तेव्हापासून आपण मूळ पाठाला मान देत आलो आहोत.

पण मोटारीला एकच कर्ता असतो काय? कुर्ल्याला तयार झालेली आणि 1974 पासून 'पद्मिनी' म्हणवली जाणारी गाडी मुंबईने ओळखली ती काळे अंग आणि पिवळे टप असलेली टॅक्सी म्हणूनच. ऑक्टोबर 2023 मध्ये ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून कायमची उतरली. अशी एखादी टॅक्सी कुणी विकत घेऊन 'मूळ' म्हणून दुधी रंगात रंगवली, तर पाठ शुद्ध होईल; पण तिच्यावर संसार चालवणाऱ्या चालकाची सारी वर्षे त्यातून गळतील. ही चिकित्सा आम्हांला मान्य नाही.

उलट, आयुष्यभर एका कुटुंबाच्या दारात उभ्या राहिलेल्या पद्मिनीला हौसेखातर काळा-पिवळा रंग देणे हा सरळ प्रक्षेप होय.

तेव्हा रंग निवडावा तो त्या गाडीच्या आयुष्याला विचारून. आणि कोणताही निवडला, तरी दाराआड बोटभर जागा न घासता राखावी. पुढच्या संपादकाला पाठभेद पाहता आला पाहिजे.